लेनाचं थडगं

सिनसिनाटीतल्या जुन्या जर्मन दफनभूमीत म्हातारे वेबरसाहेब तीन उन्हाळे आपल्या पणजीचं, लेनाचं, थडगं शोधत होते. त्या रांगेतल्या दगडांवरची अक्षरं पावसानं आणि बर्फानं पार झिजवून टाकली होती. नात गिरिजाकडून हे ऐकलं आणि गावाहून तिच्याकडं फिरायला आलेली धुरपदाबाई पदर खोचून पहिल्या दगडापुढं बसलीच.

"आजी, प्लीज, टच नको करू!" गिरिजा कुजबुजली.

"गप गं. जात्यांच्या दगडांना छिन्नीनं टाकी लावण्यात जन्म गेला माझा. दगड काय चावतोय मला?"

डोळे मिटून तिनं दगडावर बोट फिरवलं आणि जे लागलं ते गिरिजाच्या तळहातावर गिरवलं. चार दगडांवर भलतीच नावं निघाली. पाचव्यावर ती म्हणाली, "उभी रेघ, पायाशी आडवी. मग तीन दातांची फणी. मग उभी, तिरकी, उभी. शेवटाला तंबू, मधे आडकाठी."

"एल, ई, एन, ए!" गिरिजा ओरडलीच. "लेना!"

वेबरसाहेबांनी टोपी काढली. डोळे पुसत त्यांनी दफनभूमीची वही उघडली. थडगं आजींनी शोधलं, तेव्हा नोंदीखाली सही आजींचीच हवी, असं ते म्हणाले.

धुरपदाबाईनं बॉलपेन अंगठ्यावर घासघासून घासलं आणि ताठ मानेनं अंगठा वहीवर दाबला. नुसता निळा गुळगुळीत डाग उठला. त्यात एकही रेघ नव्हती.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "माझ्या सगळ्या रेघा दगडांना देऊन झाल्या."