उरलेला बोल्ट

आकाशपाळणा जोडून झाला आणि मुकादमाच्या पत्र्याच्या डब्यात एक बोल्ट उरला. दहा मिनिटांत फाटक उघडणार होतं. पहिल्या फेरीच्या रांगेत त्याची बायको आणि दोन्ही लेकी सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या. बोल्ट कुठला ते कळलं नाही, तर अख्खा पाळणा उतरवून तपासायला दोन दिवस लागले असते. "कुणाचा राहिलाय?" त्याने तीनदा विचारलं. तिघंही जोडारी आपापल्या चपलांकडे बघत राहिले.

शेवटी मुकादमाने घाम पुसला आणि स्वतःचीच अब्रू वेशीवर टांगली. "अरे, लाजता कसले? मी एकदा घोड्यांच्या चक्रातला एक घोडा उलटा बसवला होता. पोरं दिवसभर लगाम म्हणून शेपटी ओढत होती! आणि लग्नाच्या फोटोत माझा सदरा उलटा आहे. ती बघा, रांगेत उभी आहे, विचारा तिला!"

तिघं पोट धरधरून हसले.

"मुकादम, माझाच तो," टकल्या डोळे पुसत म्हणाला. "सातव्या पाळण्याचा."

मुकादमाचा जीव भांड्यात पडला. त्याने टकल्याला मिठीच मारली.

"याचा कसा? माझा आहे," लंबू म्हणाला. "अकराव्याचा."

"आता खरंच बोलायचं ठरलंय तर," मामा खाली बघत पुटपुटले, "तो मधल्या आसाचा. म्हटलं, उगाच तुम्ही चिडाल."

"बाबा, बसू का आम्ही?" रांगेतून धाकटी ओरडली.

 

मुकादमाने डब्यात पुन्हा पाहिलं. बोल्ट एकच होता.