लाल झाकण, निळं झाकण

पोटाच्या डॉक्टरांनी दोन वर्षं एकच ध्यास घेतला होता. धान्याचं पीठ आंबवून केलेल्या पेजेने आतड्यांची सूज उतरते, हे जगाला सिद्ध करून दाखवायचं! घरी जेवतानाही ते आतड्यांवरच बोलत, त्यामुळे बायको हल्ली शेजारणीकडे जेवायला जायची.

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात रोज दोन पातेली चढायची. निळ्या झाकणाखाली आंबवलेली पेज, लाल झाकणाखाली साधी. अर्ध्या रुग्णांना ही, अर्ध्यांना ती.

निकालाचा कागद हातात आला आणि डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. निळ्यावाल्यांची सूज उतरली होती, पण लालवाल्यांचीही अगदी तेवढीच! म्हणजे आंबवण्यात काही राम नाही. दोन वर्षं पाण्यात.

ते तरातरा स्वयंपाकघरात शिरले, लाल झाकण उचललं आणि कधी नव्हे ती चमचाभर पेज तोंडात टाकली. दोन्ही डोळे आपोआप मिटले, इतकी आंबट!

"मावशी, ही तुमची साधी पेज?"

स्वयंपाकवाल्या मावशींनी डाव शांतपणे खाली ठेवला.

"अहो डॉक्टर, तुमचे निळ्यावाले पहिल्याच महिन्यात पोट धरून कण्हायचे थांबले. तेव्हापासून मी दोन्ही पातेल्यांत आंबवलेलीच शिजवते."

 

मावशींनी डाव पुन्हा उचलला. "लालवाल्यांनी माझं काय घोडं मारलं होतं?"