उद्यापासून मावशी

टणकन आवाज झाला. शिवणयंत्राची बॉबिन आजीच्या हातातून निसटून फरशीवर पडली आणि घरंगळत थेट खाटेखाली गेली. सकाळी तिचं आणि आबांचं वाजल्यापासून घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्यामुळे एवढासा आवाजसुद्धा भांडं आपटल्यासारखा वाटला.

"काय पडलं?" खाटेवरच्या आबांनी डोळे न उघडताच विचारलं.

"काही नाही, बॉबिन. पडा तुम्ही."

"पडलोच आहे."

आजीने नातीकडे पाहिलं. पोर चटईवर गाढ झोपली होती, म्हणून तर तिने शिवण काढायला घेतली होती. आईबाबा कामावरून येईपर्यंत शाळेनंतर नात इथेच असायची. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि उगाच नाही. आताही आजी गुडघ्यावर हात ठेवून वाकते न वाकते तोच ती उठून खाटेखाली शिरलीसुद्धा. केसांत जळमटं आणि मुठीत बॉबिन घेऊन बाहेर आली, तर यंत्रावरून लोंबणारा निळा कोट बरोबर तिच्या नाकासमोर.

"आजी, हे तर आमच्या शाळेचं!" तिने खिशावरच्या खुणेवर बोट ठेवलं.

आजी अर्धवट वाकलेली तशीच थांबली. आता लपवायचं कुठे आणि काय! पोरीला सावकाश सांगावं, चार गोष्टी आधी पेरून ठेवाव्यात, असं तिने ठरवलं होतं. पण कोट मिळाला तोच दोन मापं मोठा, आणि उद्या सकाळी अंगात घालायचा होता.

"उद्यापासून मी येणार आहे तुझ्या शाळेत."

"शिकायला?"

"तिला काय शिकायचंय आता?" आबा उठून बसले. "जन्मभर मला शिकवत आली, तेवढं पुरे आहे."

"मावशी म्हणून येणार आहे," आजी म्हणाली. "घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, लहान मुलांना हात धुवायला न्यायचं."

पोरीचं तोंड उतरेल अशी तयारी करूनच ती बसली होती. पण भिंगरीने जागच्या जागी दोन उड्या मारल्या. "म्हणजे मधल्या सुट्टीत तू मला दिसणार! रोज!"

आजीला एकदम भरून आलं. तिने सुईत दोरा ओवायचं निमित्त केलं.

"दिसेन. पण एक ऐकायचं. शाळेत मला आजी म्हणून हाक मारायची नाही. सगळे म्हणतात तसं मावशीच म्हणायचं."

"का?"

"कामावर तसंच असतं."

"मग माझं काय?" आबा म्हणाले. "मावशीचा नवरा म्हणजे मी तुझा काका झालो की. जा, काकांना जरा पाणी आण."

भिंगरी खिदळत स्वयंपाकघरात पळाली. तिची पाठ वळली तसा आबांचा आवाज खाली आला.

"आपल्या लेकाला कळलं म्हणजे?"

"आज ना उद्या कळायचंच. पहिला पगार हातात पडेपर्यंत कळू नये एवढंच. आत्ता कळलं तर 'मी देतो' म्हणून बसेल. कुठून देणार? घराच्या हप्त्यांतून मान वर काढायला फुरसत नाही त्याला. नको म्हटलं तरी देईल, आणि मग हिची फी थकेल."

ठेवीचं व्याज दर वर्षी आखडत चाललं होतं आणि औषधवाला आखडायला तयार नव्हता, हे आबांनाही ठाऊक होतं. औषधांच्या दुकानात दर महिन्याला त्यांच्याच नावाची पिशवी भरायची.

"मी धरलं असतं काम," ते म्हणाले. "वॉचमनचं. खुर्चीवर तर बसायचं असतं."

"तुम्हाला समोर आलेली बस दिसत नाही, चोर काय दिसणार! उलट त्यालाच 'या, बसा' म्हणाल."

आबा हसले. सकाळपासून पहिल्यांदाच. मग हळूच म्हणाले, "जिने आहेत तिथे. गुडघे सांभाळ."

पाणी अर्धं सांडत, अर्धं सांभाळत भिंगरी परत आली. "बाबांना सांगू मी? आज संध्याकाळी?"

"नाही हं. थोडे दिवस नाही."

"खोटं बोलायचं?"

"खोटं नाही गं राणी. नुसतं बोलायचं नाही."

भिंगरीला हे फार आवडलं. तिने ओठांना बोटाने कुलूप लावलं आणि किल्ली आबांच्या खिशात टाकली. मग आजीला कोट घालून दाखवायलाच लावलं. आजी उभी राहिली. खांद्यात अजून जरा ढगळ होता, पण चालून जाण्यासारखा होता. आबांनी एकदा पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

"छान दिसतेस," भिंगरी म्हणाली. "खऱ्या मावशींसारखी."

एक बटण तेवढं लोंबत होतं. कोट अंगातच ठेवून आजी खाली बसली आणि तिने ते शिवायला घेतलं. भिंगरी तिच्या मांडीला टेकून बघत राहिली. खिशावरच्या खुणेवरून ती नुसतंच बोट फिरवत होती.

आजीने गाठ मारली आणि दोरा तोडायला दातांत धरला.

"आजी," भिंगरी म्हणाली, "आमच्या बाई ना, मावशींना खूप ओरडतात. सगळ्या वर्गासमोर. तुला ओरडल्या, तर मी बाकावर बसूनच राहायचं का?"