कोपरापर्यंतचे हातमोजे

थंडी तोंडावर आली की सासूबाई घरातल्या सगळ्यांसाठी हातमोजे विणायला घ्यायच्या. यंदा सुनेने चाचरतच विचारलं, "आई, माझे कोपरापर्यंत विणाल?"

"अगं, हातमोजे हवेत की स्वेटरच्या बाह्या?" सासूबाई हसल्या.

"ऑफिसात फार गारठायला होतं हो."

"बरं बाई, दे हात इकडे."

सासूबाईंनी मापाची टेप मनगटाभोवती गुंडाळली मात्र, सून कळवळली. त्यांनी तिची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे वळ उठले होते.

"दारात सापडला हात," सून खाली बघत म्हणाली.

"दाराला बोटं कधीपासून फुटली गं?"

घरातल्या प्रत्येकाच्या हाताचं माप सासूबाईंना तोंडपाठ होतं. ही लांब, जाड बोटं ओळखायला त्यांना टेप लागणार नव्हती. सुया आणि लोकर तशीच पिशवीत कोंबून त्या उठल्या.

"येतेस माझ्याबरोबर?"

सुनेने डोळे पुसून मान हलवली, आणि दोघी थेट पोलीस ठाण्यात गेल्या.

पोलीसबाईंनी सुनेला खुर्ची दिली. तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहत त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही हिच्या आई का?"



"नाही," सासूबाई म्हणाल्या, "मारणाऱ्याची."