आईचा आवाज

"दार ओढून घे ना," धाकटी म्हणाली. "तुझ्यासमोर बोलायला आईला संकोच वाटतो."

मोठीने दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनपाशी येऊन बसली. एका गिऱ्हाइकाची पँट कमरेत सैल करायची होती. तिने मशीन सुरू केलं नाही. हाताने टाके उसवत ती कान देऊन बसली.

थोड्या वेळाने आतून तो आवाज आला. खरखरीत, तुटक, मध्येच नुसता वारा होऊन जाणारा. शब्द कळत नव्हते. मग धाकटीचं हसणं ऐकू आलं.

आईला न्युमोनिया झाला, तेव्हा ती कितीतरी दिवस श्वासाच्या मशीनवर होती. तोंडातून घातलेली नळी आत घासत राहिली. जखम भरली, पण भरताना श्वासनलिका तिथे आवळली गेली. शेवटी डॉक्टरांनी गळ्याला पुढून भोक पाडून नळी बसवली. आता श्वास तिथूनच आत जाई आणि तिथूनच बाहेर येई. स्वरयंत्रापर्यंत पोचतच नसे, त्यामुळे आवाज नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी प्लास्टिकची एक छोटी टोपी दिली होती. ती नळीवर बसवली की श्वास बाहेर पडताना वर घशाकडे वळतो आणि बोलता येतं.

"पण वरची वाट अजून अरुंद आहे," ते म्हणाले होते. "जमेल तेव्हा जमेल. जीव घाबरा झाला की लगेच काढायची."

मोठी रोज टोपी लावून बघायची. दोन श्वास होत न होत तोच आईचे डोळे मोठे व्हायचे आणि तिचा हात टोपीकडे जायचा. मोठी टोपी काढायची. आई दम खायची आणि मोठीच्याच मनगटावर थोपटायची.

बाकीचं सगळंही मोठीच करायची. कफ ओढून काढणं, आतली नळी धुणं, गळ्याभोवतीचा बंद बदलणं, आईला भरवणं. रात्री आईने चमचा पेल्यावर वाजवला की उठणं. शिवणकाम उरल्यासुरल्या वेळात.

धाकटी फक्त रविवारी यायची, तेही आईचं जेवण झाल्यावर. अत्तराचा वास, इस्त्रीची ओढणी, हातात फळांची पिशवी. "मी बसते आता, तू टेक जरा," म्हणायची. अशाच एका रविवारी ती खोलीतून बाहेर आली ती डोळे पुसतच.

"आई बोलली माझ्याशी."

मोठीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "काय म्हणाली?"

"विशेष काही नाही. आपलं आमचं आमचं."

ते 'आमचं आमचं' मोठीच्या मनात सलत राहिलं. धाकटी गेल्यावर तिने टोपीची डबी उघडली. टोपी कोरडी, स्वच्छ. मोठीने दोन श्वासांपुरती लावली तरी कफाने माखायची. धुऊन पुसून ठेवली बाईसाहेबांनी, तिला वाटलं. तेवढंही माझ्यासाठी ठेवलं नाही.

"धाकटीशी बोलतेस," ती संध्याकाळी आईला म्हणाली. "मग माझ्याशीच का नाही?"

आईने हात उलटा करून 'काय?' असं विचारलं.

मोठीला वाटलं, वेड पांघरतेय. तिने टोपी लावली आणि या वेळी लगेच काढली नाही. आईचा हात आला, तो तिने धरून ठेवला. आईचे ओठ काळसर पडायला लागले, तेव्हा भानावर येऊन तिने टोपी ओढून काढली. त्या दिवशी आईने मनगटावर थोपटलं नाही.

पुढच्या तपासणीला तिने डॉक्टरांपाशी विषय काढला. "माझ्या बहिणीशी तासभर गप्पा मारते."

"तासभर?" डॉक्टरांनी पडद्यावरचं श्वासनलिकेचं चित्र पुन्हा एकदा पाहिलं. "तसं असेल तर चांगलंच आहे. तुमच्यासमोर दडपण येत असेल कदाचित. तुम्ही सारख्या नळीच्याच काळजीत."

म्हणजे चूक आपलीच. मोठी घरी येईपर्यंत तेच घोळवत होती.

मागच्या रविवारी धाकटी स्वयंपाकघरात आली आणि उभ्यानेच पेलाभर पाणी प्यायली. मग आणखी एक पेला.

"बोलते ती आणि घसा तुझा सुकतो?" मोठीने टोमणा मारला.

धाकटी हसली नाही. पेला विसळून पालथा घालत म्हणाली, "तुझं बरं आहे गं. तू नुसती इकडे आलीस तरी तिची नजर दाराकडे लागलेली असते."

"कफ कोण काढणार म्हणून."

"असेल."

आणि आज पुन्हा दार बंद होतं. आत तो खरखरीत आवाज सुरूच होता. मोठीने पँट बाजूला ठेवली. अनवाणी जाऊन तिने दाराला कान लावला. आज शब्द कळत होते.

"मोठी काय गं, हाताशी असते म्हणून. जीव माझा तुझ्यातच आहे."

मोठीचे कान तापले. इतक्या महिन्यांची जागरणं, आणि ती हाताशी असते म्हणून. आता हिलाच घेऊन जाऊ दे आईला, हिनेच उपसावा कफ. काय बोलायचं ते जिभेवर तयार होतं. तिने दार ढकललं.

आई गाढ झोपली होती. नळीवर टोपी नव्हती, वरची जाळीची पट्टी श्वासागणिक हलत होती. धाकटी दाराकडे पाठ करून पलंगाशी खाली बसली होती. आईचा सैल हात उचलून तिने स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता, आणि त्याच खरखरीत, तुटक आवाजात ती स्वतःलाच म्हणत होती, "किती वाळलीस गं. बस ना जवळ. तुझीच वाट बघत होते."