मडक्यावरची छत्री

तो पोरगा बुडाल्यापासून शहरातले गळवाले तलावाकडे फिरकलेच नव्हते. त्यामुळे इतवारीहून आलेल्या या काकांना डोंग्यात बसवताना देवरावला बरं वाटलं. माणूस जाणकारही दिसत होता. बाकीचे प्लास्टिकच्या पिशवीत गांडुळं कोंबून आणायचे आणि डोंगा काठ सोडेपर्यंत त्यातली अर्धी मेलेली असायची. काकांनी मातीचं मडकं आणलं होतं. आत ओली माती, तोंडाला भिजवलेला दुपट्टा. वर भर उन्हात मडक्यावर छत्री धरून ते स्वतः भाजत बसले होते.

"काका, छत्री सोताच्या डोक्यावर धरा ना!"

"हे मरून गेले तं मंग काय उपयोग?" काकांनी दुपट्ट्यावर ओंजळभर पाणी शिंपडलं. जरा वेळानं हळूच विचारलं, "मासोळी मेलेलं खाते का गा?"

देवरावला हसू आलं. "खाते ना. पण जितं समोर असलं, तं मेलेल्याकडे पाहत बी नाही."

काकांनी मान हलवली. डोंगा खोल पाण्यावर आला तसा त्यांनी दुपट्टा सोडला आणि अख्खं मडकं तलावात पालथं केलं.

"अजी काका! सारेच टाकून देल्ले? आता गळाले काय लावता?"

"गळ आणलाच नाही गा." रिकामं मडकं पोटाशी धरून काका पाण्याकडे पाहत राहिले. "माझा अंकुर अजून खालीच आहे."