कळपचा परवाना

“हे माझं हाय,” रेवणप्पा म्हणाले.

अक्रमचा फोन त्यांनी डोळ्यांजवळ धरला होता. पडद्यावर एका कंपनीच्या अ‍ॅपमधली शेळ्यांच्या आजारांची यादी होती. त्यांनी मोठ्यानं वाचलं, “शेळी भिंतीला डोकं लावून उभी राहते. हाक मारली तरी वळत न्हाय.” मग जरा खाली जाऊन हसले. “इथं म्या वेलांटी चुकवली हाय. तीबी तशीच उचलली बघा.”

“तुम्ही हसताय, अप्पा?” अक्रम म्हणाला.

अणदूरला रेवणप्पांच्या अंगणात शेवग्याखाली तिघं बसले होते. रेवणप्पा गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या कामावर होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. अक्रम आणि शिवकन्या सकाळच्या एसटीनं धाराशिवहून आले होते. शेळीपालकांसाठीचं ‘कळप’ हे अ‍ॅप मुळात या दोघांचं. कोणत्या शेळीची करडं कोणती, लस कधी दिली, कशावरून कोणता आजार ओळखायचा, सगळं त्यात. आजारांची ती यादी रेवणप्पांनी लिहून दिलेली. कोड पहिल्या दिवसापासून खुला होता. कुणीही घ्या, काहीही करा, एवढाच त्याचा परवाना.

त्या कंपनीनं हा कोड घेतला. नाव बदललं, रंग बदलला आणि एक नवी गोष्ट जोडली : कोणत्या गावात कोणता आजार निघालाय, ते दाखवणारा नकाशा. तो फक्त त्यांच्या गिऱ्हाइकांना दिसायचा.

“त्यांनी शेळीपालकांच्या सभेत दाखवलं, ‘आमच्या टीमनं केलं’ म्हणून,” अक्रम म्हणाला. “मी समोरच्या खुर्चीत होतो, अप्पा. रानात रेंज नसली तरी नोंद झाली पाहिजे, म्हणून दोन वर्षं डोकं फोडलं. टाळ्या त्यांना.”

“चोरी केली म्हण की.”

“चोरी कुठली? परवान्यात बसतं सगळं.”

म्हणून परवाना बदलायचा होता. कळपवर काम केलेले पाच जण होते. अक्रम आणि आणखी एक जण म्हणत होते, यापुढं धंद्यासाठी कुणालाच वापरू द्यायचं नाही. शिवकन्या आणि दुसरा एक म्हणत होते, वापरू द्या, विकू द्या, पण जो बदल करील त्यानं तो बदलही असाच खुला ठेवावा. दोन तिकडं, दोन इकडं. पाचवे रेवणप्पा. कायद्यानं त्यांना विचारलंच पाहिजे असं नव्हतं. पण शिवकन्या अडून बसली होती : ज्यांच्या शब्दांवर कळप चालतं, त्यांना विचारल्याशिवाय एक ओळ बदलायची नाही.

रेवणप्पांनी फोन परत दिला.

“धंद्याला बंद म्हणजे, जळकोटच्या मिनाजलाबी बंद?”

“कोण मिनाज?”

“शेळ्यांना लस टोचत गावोगाव हिंडती. शेळीमागं दहा रुपये घेती. सगळी नोंद तुमच्या कळपवर. आता हा धंदाच झाला का न्हाय?”

“ती वेगळी, अप्पा.”

“मला कळतंय ती वेगळी. कागदाला कसं कळंल?”

हा मुद्दा शिवकन्यालाही सुचला नव्हता.

“म्या नोकरीला लागलो तवा शेळीचं तोंड कसं धरायचं हेबी ठाव नव्हतं,” रेवणप्पा म्हणाले. “तेर गावच्या एका धनगराच्या म्हातारीनं शिकवलं. तिनं कसली अट घातली का? साहेबांना शिकवू नको, असं न्हाय म्हणाली ती. घेऊ दे कंपनीला. पण त्यांचा नकाशा मिनाजला दिसाया पायजे.”

“तो दिसणार नाही, अप्पा,” शिवकन्या हळूच म्हणाली. “जे एकदा दिलं, ते त्यांचं झालं. नवा परवाना पुढच्या कामाला लागेल. ते जुन्यावरच थांबतील, नकाशा झाकूनच ठेवतील.”

“मग आपण करू.”

“काय?”

“नकाशा. रोग कुठनं निघतो अन् कुठल्या बाजारानं पसरतो, हे त्यांच्या हापिसात कुणाला ठाव हाय? इथनं नळदुर्गापस्तोर एकेक वस्ती मला पाठ हाय. कोण खरं सांगंल अन् कोण दडवंल, तेबी. तुमी यंत्राचं बघा, माणसं म्या जोडतो.”

अक्रमनं त्यांच्याकडं पाहिलं. सत्तरीला टेकलेला माणूस ताठ बसला होता. आपण यांचं नुसतं मत मागायला आलो होतो, असं काहीसं अक्रमच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

त्यानं लॅपटॉप उघडला. जुना परवाना त्यानंच खोडला, शिवकन्या म्हणत होती तो घातला.

“मराठीत सांगा काय लिवलंय ते,” रेवणप्पा म्हणाले.

अक्रमनं सांगितलं, “कुणीही घ्यावं, बदलावं, विकलं तरी चालेल. पण बदललेलं असंच सगळ्यांना खुलं ठेवावं.”

“बरूबर हाय. दाब.”

दुपारी रेवणप्पा त्यांना हायवेच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. चालता चालता एकेका गावाचं नाव घेत होते, आणि अक्रम चालतच फोनमध्ये टिपून घेत होता. पंक्चरच्या दुकानातून बलभीमनं हाक मारली, “अप्पा, पाव्हणे कुठले?”

रेवणप्पा थांबले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी नीट केला.

“पाव्हणे न्हायत रं,” ते म्हणाले. “एका कामावरची माणसं हावोत आमी.”